एकच निष्कर्ष हवा, असं ते म्हणतात

मिलिंद, परवापर्यंत तुला रिमाइंडर येत होते.

पहिला आला तेव्हा सुजातावहिनी चाकणला कंपनीत होत्या. पहिल्या शिफ्टच्या जेवणाच्या सुट्टीत त्यांनी मला फोन केला. "भाऊजी, यांना कुणीतरी मेल पाठवतंय. इंग्रजीत आहे. डियर डॉक्टर म्हणून सुरू होतोय आणि मुदत संपत आली म्हणतोय. कॉलेजचं काही राहिलंय का यांचं?" तुझा फोन रोज चार्ज करून त्या पर्समध्ये घेऊन फिरतात, हे मला तेव्हा कळलं. मी म्हटलं, कॉलेजचं नाही, आमच्या लेखाचं आहे, मी बघतो. फोन ठेवला आणि आधी तुझ्यावरच चिडलो. लेख पाठवताना पत्रव्यवहाराला कुणाचा पत्ता द्यायचा यावरही आपलं वाजलं होतं. "तू मेल उघडत नाहीस दत्ता, माझाच देतो," म्हणालास आणि देऊन मोकळा झालास. आता त्या जर्नलच्या लेखी जबाबदार माणूस तू आहेस आणि मी नुसता दुसरा लेखक.

तू गेल्यावर विहारात तुझं पुण्यानुमोदन झालं त्या दिवशी आपले प्राचार्य बोलायला उभे राहिले. म्हणाले, मिलिंद सर कधी कुणाशी वाद घालत नसत. मी मागे सतरंजीवर बसलो होतो. मला हसू फुटलं. तोंड झाकून घेतलं तर शेजारच्या बाईंना वाटलं मी रडतोय, त्यांनी पाण्याचा ग्लास पुढे केला. त्या ग्लासामुळे खरंच रडू आलं. नंतर मलाही बोलायला लावलं. मोठी पोकळी निर्माण झाली, असलं काहीतरी मी बोललो. तू समोर असतास तर ते वाक्य तिथल्या तिथे खोडलं असतंस. म्हणून आता पुन्हा बोलायला बसलोय, आणि या खेपेला तुझ्याबद्दल बोलणार नाही, तुझ्याशीच बोलणार आहे. आपलं बोलणं अर्धं राहिलंय आणि ते मला दुसऱ्या कुणाबरोबर पुरं करता येत नाही.

हे इतर लोकही वाचतील, म्हणून लेखाचं थोडं सांगून टाकतो. आपण दोघं भोसरीजवळच्या एकाच कॉलेजात राज्यशास्त्र शिकवायचो. धर्म आणि सरकार यांच्यावर लिहिणारे लोक न्यायालयापासून सुरुवात करतात. तुला ते नको होतं. कासारवाडीच्या टपरीवर चहा पिता पिता तू म्हणालास, आपण परवानगीवर लिहू. मिरवणूक, मांडव, स्पीकर, उरूस, जयंती, यातल्या प्रत्येकासाठी माणसं सरकारच्या दारात अर्ज घेऊन जातात. त्या दारात काय होतं ते बघू. मला कल्पना आवडली होती. तसं तुझ्या तोंडावर मी म्हटलं नाही. एवढंच म्हटलं, "बघायला जायचं तर गाडीत पेट्रोल तू टाक."

मग आपण माझ्या मोटारसायकलवर सगळा पट्टा फिरलो. दापोडी, दिघी, भोसरी, मोशी. पोलीस ठाण्यांच्या बाहेरच्या बाकांवर तासन् तास बसलो. सण जवळ आले की त्या बाकांवर जागा मिळायची नाही. मंडळाचे पोरगे, विहाराच्या समितीतले काका, उरुसाचे चाचा, सगळे प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये आपापला अर्ज धरून. विषय सगळ्यांचा एकच, परवानगी मिळणेबाबत. तुला त्या बाकाचं केवढं कौतुक. माझ्या कानाशी लागून म्हणालास, "बघ राव, इथं सगळे धर्म एका बाकावर बसलेत. सरकून जागा देतायत एकमेकांना."

"आमच्या गावची जत्रा नाय आली," मी म्हणालो. "तिला हा बाक माहीतच नाय."

आपलं सगळं भांडण त्या दोन वाक्यांत होतं. पुढची वर्षं आपण तेच वाढवत नेलं.

तुझी बाजू तुझ्या वडिलांकडून आलेली. ते खडकीला कारखान्यात होते आणि दापोडीच्या विहाराचे सचिव. जयंतीच्या मिरवणुकीचा अर्ज दरवर्षी तेच लिहायचे. लिहून झाला की घरातल्या सगळ्यांना चटईवर बसवून मोठ्याने वाचून दाखवायचे. आई पोळ्या थांबवून यायची. मार्ग कुठला, वेळ कोणती, स्वयंसेवक कोण, आणि शेवटी 'आपले विश्वासू'. दुसऱ्या दिवशी इस्त्रीचा शर्ट घालून ठाण्यात जायचे आणि शिक्का मारलेली पोहोच घेऊन यायचे. तू सांगायचास, ती पोहोच घरी आली की वडील त्या दिवशी कुणावर ओरडायचे नाहीत. तुझं म्हणणं होतं की ज्यांच्या आज्याला रस्त्यावरून चालायची चोरी होती, त्यांनी रस्ता मागायचा आणि सरकारने शिक्का मारून तो द्यायचा, याला नुसती कारकुनी म्हणता येणार नाही. अर्जापुढे सगळे धर्म सारखे होतात. देवळात होत नाहीत, मशिदीत होत नाहीत, त्या बाकावर होतात. लेखाचा तिसरा विभाग तू यावर लिहिलास.

चौथा माझा. माझी बाजू आमच्या आण्णांकडून, म्हणजे थोरल्या चुलत्यांकडून आलेली. मोशीच्या जत्रेचं सगळं तेच बघतात. त्यांच्याकडे तुला मुलाखतीला घेऊन गेलो होतो ते आठवतं ना? तू वही काढून अदबीने विचारलंस, "आण्णा, जत्रेची परवानगी कधी काढता?"

आण्णांनी आधी माझ्याकडं बघितलं, हा कुणाला घेऊन आला म्हणून. मग तुला म्हणाले, "परवानगी कसली? जत्रा आमची हाय. आमी जत्रा भरवत व्हतो तवा हितं ठाणं न्हवतं. आता सायेब येत्यात, नारळ घेत्यात, बंदोबस्त लावत्यात. आमी कुणाला इचारायचं?"

"लेखी काहीच नाही?"

"न्हाई. ल्येखी कशाला?"

परत येताना तू गाडीवर मागे बसून गप्प होतास. भोसरी ओलांडली तरी गप्प. मला वाटलं, पडला गडी. मी म्हणालो, बघ, ज्याला अर्ज करावा लागत नाही तोच खरा मोठा. बाकावर बसलेले सगळे सारखे दिसतात, कारण जो सारखा नाही तो बाकावर येतच नाही. तुझी समानता ही उरलेल्यांची समानता आहे. तू म्हणालास, "तुझ्या आण्णांना अर्ज करायला लावणं हे काम आहे आपलं. अर्ज फाडणं नाही." मी म्हणालो, आण्णा या जन्मी अर्ज करणार नाहीत. तू म्हणालास, मग पुढच्या पिढीतले करतील. यावर मी इतका वैतागलो की तुला दापोडीला सोडायच्या ऐवजी नाशिक फाट्यावर उतरवलं. तू हसत हसत चालत गेलास.

लोक म्हणतात, दोघांनी मिळून एक लेख लिहायला इतकी वर्षं कशी लागली. त्यांनी आपला मसुदा बघितलेला नाही. तो त्या जर्नलमधल्या एका बाईंनी मात्र बघितला. आठवण काढली की आजही मला घाम फुटतो. अशा जर्नलांमध्ये लेख परीक्षकाकडे जातो तेव्हा लेखकाचं नाव झाकून पाठवायचा असतो. आपण पहिल्या पानावरचं नाव काढलं, तळटिपांतलं काढलं, दोनदा तपासलं, आणि समासातले शेरे तसेच ठेवून लेख पाठवून दिला. लेख इंग्रजीत, शेरे मराठीत. 'दत्ता, हे वाक्य काढ. तुझ्या चुलत्याला कुणी अडवलं नाही म्हणून कायदा खोटा ठरत नाही.' त्याखाली माझा, 'तुझ्या वडिलांना परवानगी मिळाली म्हणून तो खरा पण ठरत नाही.' त्याखाली तुझा, 'वडिलांवर जाऊ नकोस.' त्याखाली माझा, 'तू चुलत्यावर गेलास.' असं पानोपान. चार दिवसांनी अत्यंत सभ्य पत्र आलं, की लेखकांची ओळख उघड होईल असा मजकूर, विशेषतः लेखकांच्या नातेवाइकांविषयीची चर्चा, काढून लेख पुन्हा पाठवावा. म्हणजे तिथे कुणालातरी मराठी येत होतं. तू स्टाफरूममध्ये ते पत्र वाचून इतका हसलास की इतिहासाच्या मॅडम बघायला आल्या काय झालं म्हणून. मी लाजेने मेल्यासारखा झालो होतो आणि तू म्हणत होतास, "अरे, आपला लेख कुणीतरी शेवटपर्यंत वाचला तरी."

शेरे काढून पाठवला. काही महिन्यांनी परीक्षकांची मतं आली. दोन्ही परीक्षकांचं म्हणणं एकच होतं. विषय नवा आहे, काम मेहनतीचं आहे, पण तिसरा विभाग आणि चौथा विभाग एकमेकांच्या विरुद्ध बोलतात. लेखकांनी एकच निष्कर्ष मांडावा. पहिल्या परीक्षकाने पुढे जाऊन हेही लिहिलं की चौथा विभाग भक्कम आहे, तिसरा भाबडा वाटतो, तो वगळला तर लेख छापता येईल.

भाबडा हा शब्द तुला लागला. तू तसं दाखवलं नाहीस, पण त्या दिवशी डबा अर्धा ठेवलास. तुला त्या जर्नलमध्ये लेख यायला हवा होता. बढतीसाठी वगैरे नाही, ती तुझी होऊन गेली होती. तुला दापोडीची ती चटई, तो अर्ज, ती पोहोच, हे सगळं अशा ठिकाणी छापलेलं हवं होतं की जिथे लोक आपल्या वस्तीबद्दल आकडेवारी सोडून दुसरं काही लिहीत नाहीत. मी म्हणालो, दोन्ही ठेवू, मधे एक दुवा लिहू. तू म्हणालास, "दुवा नको. एक तर माझं खरं, नाहीतर तुझं. ठरवू." आणि ठरवायच्या आधीच तू गेलास. छातीत दुखतंय असं वहिनींना म्हणालास, आणि रिक्षा येईपर्यंतही थांबला नाहीस.

तू गेल्यावर मी जर्नलला कळवलं. दोन ओळींत त्यांनी दुःख व्यक्त केलं. तिसऱ्या ओळीत मुदत वाढवून दिली. चौथ्या ओळीत लिहिलं की सुधारित लेख आला तर दिवंगत लेखकाचं नाव अर्थातच पहिलं राहील, त्यापुढे एक लहानशी खूण येईल आणि खाली खुलासा, की हे लेखक आता हयात नाहीत.

म्हणजे बघ, रस्ता किती सोपा होता. तुझा विभाग काढायचा. लेख छापून येणार, वर तुझं नाव, त्याखाली माझं. आत सगळं माझं म्हणणं. इतकी वर्षं ज्या माणसाने मला एक वाक्य सुखाने लिहू दिलं नाही, तो आता काहीही बोलणार नव्हता. आणि नाही पाठवला, तर तुझं नाव कुठेच येणार नव्हतं. एक तर नाव, नाहीतर म्हणणं. आठवडाभर मी कॉम्प्युटर उघडायचो, तिसऱ्या विभागापाशी जायचो आणि बंद करायचो. घरात सगळ्यांवर खेकसत होतो. बायको म्हणाली, "इथं चिडून काय उपयोग? दापोडीला जाऊन या."

गेलो. वहिनींची साप्ताहिक सुट्टी होती. त्यांनी चहा टाकला आणि तुझ्या वडिलांच्या फोटोशेजारी आता तुझा लावलाय त्याकडे माझी पाठ येईल अशी खुर्ची दिली. बहुतेक मुद्दामच. मी त्यांना सगळं समजावून सांगितलं, परीक्षक काय म्हणतात, काय काढलं तर काय होईल. शेवटी म्हणालो, "निदान नाव तरी येईल त्याचं."

"नाव तर लाइट बिलावर पण येतंय अजून त्यांचं," वहिनी म्हणाल्या. "नावाचं काय करू मी?"

मी चहाचा कप खाली ठेवला.

"घरी आले की तुम्हाला शिव्या घालायचे. दत्ता असं म्हणाला, दत्ताला कळत नाही, उद्या त्याला असं सांगतो. जेवताना तेच, झोपताना तेच. मला तो सगळा लेख ऐकून ऐकून पाठ झालाय. ते उद्या सांगायचं होतं ते आहे का त्यात?"

"ते काढायला सांगतायत, वहिनी."

"मग तुमचं काढा."

इतकं साधं. माझ्या डोक्यात ते आलंच नव्हतं. एकच निष्कर्ष हवा असं त्यांनी लिहिलं होतं. तो माझाच हवा, असं एका परीक्षकाचं मत होतं, आणि परीक्षकाला उत्तर देता येतं. वहिनी कप उचलून आत गेल्या. त्यांना मी काही पुढे विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी जर्नलला विचारून पाहिलं, की लेख एकट्या मिलिंदच्या नावावर छापता येईल का. म्हणजे माझं नाव नको आणि माझं म्हणणंही नको. त्यांनी कळवलं, नियमात बसत नाही. छापलेल्या लेखाची जबाबदारी घ्यायला, प्रश्न आले तर उत्तर द्यायला, एक तरी लेखक जिवंत लागतो. तर मी तेवढ्यासाठी आहे आता. जिवंत म्हणून.

मग चौथा विभाग काढला. आण्णा गेले, जत्रा गेली, बंदोबस्त गेला. सगळं मिळून एक तळटीप उरली, की काही जुन्या ग्रामोत्सवांत परवानगीची पद्धत अजून रुजलेली नाही. 'अजून' हा शब्द तुझा आहे. मी तो कधी लिहिला नसता. तिसरा विभाग परीक्षकाला भाबडा वाटला होता, म्हणून तो भक्कम करायला बसलो, आणि तिथे माझी गंमत झाली. तुझे सगळे मुद्दे मला पाठ होते. खोडायचे म्हणून पाठ केले होते. मी काय म्हणालो की तू काय म्हणायचास, त्यावर मी, त्यावर तू, सगळं येत होतं. तुझ्या बाजूने मी माझ्या बाजूपेक्षा बरं लिहितो, राव. लिहिताना मधेच थांबून शेजारी बघायचो, आता हा खुश होईल म्हणून. शेजारी कुणी नसायचं आणि मग एक वाक्यही पुढे सरकायचं नाही. तसंच बसून राहायचो.

एक गोष्ट तुला कधी सांगितली नाही, ती सांगतो. त्या चटईचा मला हेवा वाटायचा. आमच्या घरात सरकार म्हणजे आण्णांना नमस्कार करायला येणारा माणूस. जमिनी गेल्या, त्यावर बिल्डिंगा झाल्या, तरी तेच. काही मागायचं म्हणून सगळं घर एकत्र बसलंय आणि कुणीतरी ते मोठ्याने वाचून दाखवतंय, असं आमच्याकडे कधी झालं नाही. तू सांगायचास तेव्हा मी थट्टा करायचो, कारण दुसरं काय करायचं ते कळायचं नाही. तुझ्याशी भांडलो नसतो तर मी वर्गात नोट्स सांगून निवृत्त झालो असतो. माझ्याकडून कुणी काही अपेक्षा करत नव्हतं, तू करायचास, आणि त्यासाठी माझ्या डोक्याशी रोज येऊन बसायचास. आता स्टाफरूममध्ये माझं म्हणणं सगळ्यांना पटतं. फार वाईट वाटतं त्याचं.

काल लेख पाठवला. जर्नलच्या साइटवर तुझ्या खात्यातूनच पाठवायचा होता, आणि त्याचा कोड तुझ्या फोनवर येणार होता, म्हणून दापोडीला गेलो. वहिनी फोन घेऊन शेजारी बसल्या. कोड आला, त्यांनी वाचून दाखवला. मी पानं पुढे सरकवत गेलो. परीक्षकांना उत्तर जोडलं. तिसरा विभाग का ठेवला याची दोन पानं, सगळी तुझ्या बाजूने, एकही वाक्य लटपटू न देता. शेवटच्या पानावर एक चौकट होती. तिच्यावर खूण केल्याशिवाय लेख पुढे जात नाही.

"आता काय विचारतायत?" वहिनी म्हणाल्या.

"सगळ्या लेखकांनी हा लेख वाचलाय आणि सगळ्यांना मान्य आहे का, असं विचारतायत."

"यांना असणारच."

तुझं मलाही माहीत होतं. मान्य नव्हतं ते मला, मिलिंद, आजही नाही. वहिनी माझ्या हाताकडे बघत होत्या. मी खूण केली आणि लेख पाठवून दिला.